चंदन

चंदन (श्वेतचंदन) हा सँटॅलेसी कुलातील, सँटॅलम अल्बम या शास्त्रीय नावाचा लहान सदाहरित वृक्ष असून त्याचे सुगंधी लाकूडही याच नावाने ओळखले जाते. वृक्षाचे मूळ स्थान भारत की तिमोर-सुंबा ही बेटे, याविषयी मतभेद आहेत. कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळातील मरयूर ही त्याची प्रमुख भारतीय क्षेत्रे होत. रक्तचंदन हा सर्वस्वी वेगळा वृक्ष असून त्याला असा सुगंध नसतो.

नाशिककरांना चंदन परिचित आहे ते झाडापेक्षा देवघरातील खोड म्हणून. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून ते उगाळले की फिकट पिवळसर, दाट गंध उतरते. चैत्र वद्य एकादशीस, ऐन उन्हाळ्यात, त्र्यंबकेश्वर येथे संत निवृत्तिनाथांच्या समाधीला चंदनाची उटी लावतात. ही ‘उटीची वारी’ होय.

चंदन अर्धपरोपजीवी आहे : हिरव्या पानांत ते अन्न तयार करते, पण पाणी व क्षार बऱ्याच अंशी शेजारच्या झाडांच्या मुळांतून ओढून घेते. म्हणूनच लागवडीत त्याच्या सोबतीला तूर लावतात. सुगंधी गाभा साधारण दहा वर्षांनंतर धरू लागतो व चांगला भरण्यास तीस वर्षेही लागतात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. तेल गाभ्यात आणि सर्वांत जास्त मुळांत असते.

तोडणीची रीत यावरूनच ठरली. जाणकार बुंध्यावर कुऱ्हाड चालवीत नाहीत. भोवतालची माती खणून झाड मुळासकट काढतात. पूर्वी पाडलेली झाडे काही महिने रानातच पडू देत. वाळवी पांढरे लाकूड खाई आणि तेलकट गाभ्याला तोंड लावीत नसे, त्यामुळे सोलण्याचे निम्मे काम फुकटात होई. एरवी ते वाकसाने तासून काढावे लागते. खोड, मुळे व ढलप्या वेगळ्या केल्या जातात आणि भुसाही उदबत्तीसाठी विकला जातो.

म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाच्या काळापासून चंदनावर राज्याचा हक्क होता. १९१६ मध्ये तेथे सरकारी तेल कारखाना निघाला. स्वतःच्या शेतातले झाडही आपले नसल्याने ते जपण्यात शेतकऱ्याला स्वारस्य उरले नाही. कर्नाटकाने २००१ मध्ये मालकी जमीनधारकास दिली. चोरी मात्र सर्वत्र चालू आहे. नाशिकमध्येही बंगल्यांच्या आवारातील चंदनाची झाडे रातोरात कापली जातात. घाईत केवळ बुंधा नेला जातो आणि सर्वाधिक तेलाची मुळे जमिनीतच राहतात.