बडतर्फीच्या आधीची चौकशी: लघुउद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कामगाराने चोरी केली, मारामारी केली, महिनाभर न सांगता दांडी मारली. मालकाकडे साक्षीदारही असतात. तरीही बडतर्फीचा आदेश न्यायालयात पडतो आणि माणूस मागच्या पगारासह कामावर परत येतो. बऱ्याचदा कारण एकच असते: खात्यांतर्गत चौकशी झालीच नाही, किंवा नावापुरती झाली.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार संबंधांचा कायदा, लागू आहे. तिच्यानुसार 300 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना स्थायी आदेश (कामाच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम) बंधनकारक आहेत. यावरून ‘आपल्याकडे चाळीसच माणसे, आपल्याला चौकशी कशाला?’ असा अर्थ काढू नका. चौकशीचा आधार नैसर्गिक न्याय आहे, आणि त्याला कामगारसंख्येची अट नाही. त्याची मुख्य तत्त्वे दोन: बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, आणि ज्याचा प्रकरणात हात आहे त्याने निवाडा करायचा नाही. (व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असलेले सुपरवायझर ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, त्यांच्यासाठी नेमणूकपत्रातल्या अटी पाहाव्या लागतात.)

आरोपपत्र

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘तुम्ही वरिष्ठांशी उद्धट वागलात’ हे आरोपपत्र नव्हे, ती तक्रार झाली. तारीख, वेळ, जागा, कोणाशी, नेमके कोणते शब्द किंवा कृती, आणि ते कोणत्या गैरवर्तनात बसते, एवढे त्यात हवेच. शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहा. संकोचून ‘अपशब्द वापरले’ असे लिहिले की आरोप मोघम ठरतो. ‘तुम्ही चोरी केली आहे’ असा निकाल आधीच लिहू नका, ‘केल्याचा आरोप आहे’ असे लिहा. मागच्या मेमोंचा शिक्षेसाठी विचार करणार असाल तर त्यांचाही उल्लेख इथेच करा.

कामगाराला समजते त्या भाषेत आरोपपत्र द्या. उत्तराला किमान 3 दिवस, शक्यतो 7 दिवस द्या. तो घेत नसेल तर प्रतीवर तसा शेरा मारून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. फक्त व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका.

निलंबन

चौकशी चालू असताना निलंबित केले तर पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. त्यानंतर उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर 75 टक्के. संहितेनुसार चौकशी साधारणपणे निलंबनापासून 90 दिवसांत संपवायची असते. भत्ता थकवला तर ‘चौकशीला यायला गाडीभाड्याचे पैसे नव्हते’ हा बचाव आपणच कामगाराच्या हातात देतो.

चौकशी

चौकशी अधिकारी बाहेरचा वकील असला तरी चालतो. ज्याने तक्रार केली, प्रसंग पाहिला किंवा आरोपपत्रावर सही केली, त्याला मात्र नेमू नका. 1963 मध्ये मींगलास टी इस्टेटच्या प्रकरणात ज्यांनी प्रसंग पाहिला होता त्यांनीच चौकशी केली होती, आणि साक्षीदारांना कामगारासमोर तपासले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी मानली नाही.

क्रम असा ठेवा. आरोप वाचून समजावणे, कबूल आहे का विचारणे, मग कंपनीचे साक्षीदार. प्रत्येक साक्षीदार कामगाराच्या समोर तपासायचा आणि लगेच उलटतपासाची संधी द्यायची. कंपनी वापरणार असलेल्या कागदांच्या प्रती आधीच द्या. त्यानंतर कामगाराचे साक्षीदार. बचाव प्रतिनिधी म्हणून सहकारी कामगार मागितला तर नाकारू नका. रोजनाम्याच्या (चौकशीच्या कामकाजाच्या लेखी नोंदीच्या) प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी प्रत द्या. आरोप कबूल केला म्हणून कोऱ्या कागदावर सही घेणे, हा प्रकार अजूनही दिसतो. त्याने चांगले प्रकरणही हातचे जाते.

कामगार आलाच नाही तर दुसरी तारीख द्या, नोटीस पोचल्याचा पुरावा ठेवा आणि मगच एकतर्फी चालवा. एकतर्फी चौकशीतही साक्षी नोंदवाव्याच लागतात.

चोरीची पोलीस केस चालू आहे म्हणून चौकशी थांबवण्याची सहसा गरज नसते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे पुराव्यावरून दिसले तरी पुरते.

अहवाल आणि शिक्षा

अहवालात प्रत्येक आरोपावर कारणांसह निष्कर्ष हवा. शिक्षेआधी त्याची प्रत कामगाराला देऊन म्हणणे मागवा. 1993 पासून हा नियम पक्का आहे. शिक्षा चौकशी अधिकारी देत नाही, नेमणूक करणारा देतो. किरकोळ चुकीसाठी बडतर्फी, किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून केलेली बडतर्फी, संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. चौकशी योग्य ठरली तरी औद्योगिक न्यायाधिकरण जबर शिक्षा कमी करू शकते.

दांडीबाबत वेगळे सांगायला हवे. ‘आठ दिवस आला नाही, म्हणजे नोकरी सोडली’ असे गृहीत धरून नाव कमी करणे ही सर्रास पद्धत आहे. 1993 मध्ये जे. एम. ए. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात स्थायी आदेशात तसे कलम असूनही सर्वोच्च न्यायालयाने कामगाराला अर्ध्या मागील वेतनासह परत घ्यायला लावले. आधी हजर होण्याची नोटीस, मग आरोपपत्र, मग चौकशी, हाच रस्ता.

न्यायालयात गेल्यावर

बडतर्फीविरुद्ध कामगाराला 2 वर्षांत दाद मागता येते. चौकशीत दोष निघाला तरी मालकाला न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देता येतो. मात्र तशी मागणी पहिल्याच लेखी कैफियतीत (मालकाने दाखल केलेल्या लेखी उत्तरात) नोंदवावी लागते. म्हणून नोटीस आली की रोजनामा, पोचपावत्या, हजेरीपट आणि आरोपपत्राची मूळ प्रत घेऊन लेखी कैफियत तयार होण्याआधी आमच्याकडे या.