भाऊबीजेनंतर आठ दिवस आम्ही वजन का घेत नाही

(आमच्या आहार-व्यायाम केंद्राच्या जुन्या-नव्या सभासदांसाठी)

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमचा फोन वाजायला लागतो तो दुपारपर्यंत थांबत नाही. बोलणं साधारण एकच. "ताई, पाच दिवसांत तीन किलो वाढलं. आजच येऊ का? ताजं वजन लवकर उतरतं ना?"

जरूर या. पण त्या दिवशी आम्ही तुम्हाला काट्यावर उभं करणार नाही आणि चरबी मोजायच्या मशीनवरही घेणार नाही. यावरून दरवर्षी कुणीतरी नाराज होतं. "मी पैसे भरायला तयार आहे, मग तुमची अडचण काय?" असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी लाडवांचा हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. साजूक तुपातला ४० ग्रॅमचा बेसनलाडू साधारण २०० कॅलरींचा. तीन किलो चरबी अंगावर चढायला २३,१०० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ ११५ लाडू, तेही रोजचं दोन वेळचं जेवण सोडून वरचे. पाच दिवसांत रोज २३. दिवाळीत आपण सढळ हाताने खातो, पण इतकं कुणी खात नाही.

मग काटा चुकला का? नाही. अंगावर तीन किलो जास्त आहेतच, फक्त ती सगळी चरबी नाही. भात, पोळी, साखर, मैदा यांतून आलेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम मावतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. एरवी हा साठा थोडा रिकामा असतो. करंज्या, अनारसे, शंकरपाळ्यांनी तो काठोकाठ भरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही येतं. चकली, शेव, चिवड्यातलं मीठ आणखी पाणी धरतं. अंगठी घट्ट होते, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, ती याचीच. त्यात पाहुणे, जागरणं, जेवणाच्या वेळा पुढेमागे, पालेभाजी कुणाच्या लक्षातही नाही, म्हणजे पोटही नीट साफ होत नाही. या सगळ्याचं मिळून दीड-दोन किलो सहज भरतं.

तेव्हा "ताजं वजन लवकर उतरतं का" या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की हा भाग उतरतो, आणि फार सहज उतरतो. नेहमीचं जेवण, नेहमीची झोप, नेहमीची हालचाल सुरू झाली की आठवड्याभरात बहुतेक निघून जातो. त्याला कुणाचाही डाएट लागत नाही. आमचाही नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण या पाण्याच्या जोरावरच "सात दिवसांत तीन किलो" अशा जाहिराती चालतात. दिवाळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणालाही सात दिवस नुसती वरण-भात-भाजी द्या, काट्यावर फरक दिसेलच.

राहिली ती खरी चरबी. पाच-सहा दिवसांत ती अर्धा किलो असेल, कुणाची थोडी जास्त. बऱ्याच जणांची समजूत अशी, की नवी चरबी कोवळी असते, अजून "बसलेली" नसते, म्हणून गरम पाण्याने किंवा मालिशने वितळते. तसं नसतं. चरबीच्या पेशी तुमच्याकडे आधीपासून असतात. दिवाळीत त्याच थोड्या जास्त भरतात. जुनी चरबी आणि नवी चरबी असे वेगळे कप्पे तिथे नाहीत. सकाळचं लिंबू-मध-गरम पाणी प्यायला हरकत नाही, पण एक चमचा मधात वीसेक कॅलरी असतात आणि त्याने चरबी विरघळत नाही.

तरीही ताज्या वाढीचा एक फायदा आहे, आणि तो सवयीचा आहे. कॅनडात क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात तरुण जुळ्या भावांच्या १२ जोड्यांवर केलेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला रोज १,००० कॅलरी जास्त खायला दिल्या. सरासरी ८.१ किलो वजन वाढलं. कुणाचं ४.३, तर कुणाचं १३.३. (दोघी जावांनी एकाच डब्यातलं खाल्लं आणि एकीचंच वाढलं, याचं नवल वाटू देऊ नका. प्रत्येकाची ठेवण वेगळी.) प्रयोग संपला, मुलं आपापल्या घरच्या जेवणावर परतली आणि पुढच्या चार महिन्यांत वाढलेल्या वजनातला बहुतेक भाग उतरला. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. ती आपल्या जुन्या चालीवर परतली, एवढंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत १९५ माणसांची वजनं थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि नववर्षाच्या आधी व नंतर मोजली गेली. तो अभ्यास २००० साली छापून आला. सणासुदीतली सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो, म्हणजे लोकांना स्वतःला वाटत होती त्याहून पुष्कळच कमी. पण ही छोटी वाढ पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरली नाही. आम्हाला काळजी वाटते ती याची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच्या तीन किलोंना घाबरू नका. त्यातलं जे अर्धा किलो कुणाच्या लक्षात न येता मागे राहतं, तेच दर दिवाळीला साठत जातं आणि दहा वर्षांनी पाच किलो होतं.

आपल्याकडे हे अर्धा किलो मागे राहायला कारणंही भरपूर आहेत. दिवाळी पाच दिवसांची, पण फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात. मग लग्नसराई, थंडीचे डिंकाचे आणि मेथीचे लाडू, चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा, हुरडा, ३१ डिसेंबर आणि संक्रांतीची गुळाची पोळी. आमच्या नाशकात रविवारची मिसळ तर बारमाही. जुन्या चालीवर परतायला मोकळे दिवस असे मिळतात ते भाऊबीज ते कार्तिकी एकादशी एवढेच. ते हातचे जाऊ देऊ नका.

ज्या एका चुकीने सगळा घोळ होतो

आम्हीही पूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच वजन घेऊन कार्यक्रम सुरू करायचो. अशाच एका वर्षीच्या सभासद ताईंचं उदाहरण देते. सुरुवातीच्या नोंदीत त्यांचं वजन २.८ किलो वाढलेलं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलं. त्यांना इतका आनंद झाला, की गल्लीतल्या आणखी दोघींना घेऊन आल्या. दुसऱ्या आठवड्यात ३०० ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही, कारण पाळी जवळ आली होती आणि त्या दिवसांत अंगात पाणी धरतंच. चौथ्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. "तुमचा डाएट पहिल्याच आठवड्यात चालतो, पुढे नाही," असा निरोप आला.

खरं म्हणजे त्यांचं उत्तम चाललं होतं. पहिल्या आठवड्यात गेलेले दोन किलो बहुतेक पाण्याचे होते, त्याचं श्रेय आमचं नव्हतं आणि त्यांचंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यातले ३०० ग्रॅम मात्र चरबीचे, म्हणजे खऱ्या कष्टाचे. पण सुरुवातीचा आकडाच फुगलेला असल्याने खरं यश अपयशासारखं दिसलं. आमचे चार आठवडे गेले, त्यांचा उत्साह गेला आणि ते अर्धा किलो अंगावरच राहिलं. त्या वर्षापासून आम्ही नियम केला, की पहिली नोंद कार्तिकी एकादशीला.

हीच चूक दुसऱ्या रूपातही येते. काही जण आमच्याकडे यायच्या आधीच चार दिवस नुसत्या सूपवर किंवा काकडी-टोमॅटोवर राहतात. ग्लायकोजेन रिकामं होतं, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. मग तुळशीच्या लग्नाचं एक जेवण झालं, की साठा भरतो आणि सगळं परत वर. त्यांना वाटतं, आपल्या शरीरातच काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. उपाशी राहून येऊ नका, आमचा आणि तुमचा हिशेब दोन्ही चुकतो.

मशीनबद्दल थोडं. "निदान चरबी तरी मोजा" हा आग्रह फार होतो. हे मशीन तळपायांतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतं. पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीत अडतो, त्यावरून ते चरबीचा अंदाज बांधतं. अंगात पाणी जास्त असेल तर चरबी खरी आहे त्यापेक्षा कमी आणि स्नायू जास्त दिसू शकतात. असा कागद हातात देऊन तुमच्याकडून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. (ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी या मशीनवर कधीच उभं राहू नये. नोंदणीच्या वेळी न विसरता सांगा.)

या आठ दिवसांत काय करायचं

विशेष काही नाही, आणि तेच लोकांना अवघड वाटतं. नेहमीच्या वेळी नेहमीचं जेवण. भाजी-कोशिंबीर ताटात परत आणा, वरण पातळ असलं तरी चालेल पण रोज असू द्या, पाणी तहानेप्रमाणे प्या. झोप पुरी घ्या.

उरलेला फराळ टाकायला आम्ही कधीच सांगत नाही. घरच्या बाईने आठ दिवस खपून केलेला असतो. डबा फक्त जेवणाच्या टेबलावरून आणि टीव्हीसमोरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. खायचा तर जेवणाबरोबर, ताटात वाढून, एक-दोन पदार्थ. चहाबरोबर येता-जाता मूठभर चिवडा घेतला की त्याची मोजदाद राहत नाही. पातळ पोह्यांचा चिवडा हलका, असं समजू नका. त्यातले शेंगदाणे, खोबरं, तळलेलं डाळं आणि फोडणीचं तेल मोजलं, की तो हलका राहत नाही.

चाला. पण लाडू "जाळायला" म्हणून नको. साठ किलोच्या माणसाने गोल्फ क्लब मैदानावर तासभर बऱ्या वेगाने फेऱ्या मारल्या, की साधारण २०० कॅलरी जातात, म्हणजे एक लाडू. खाणं जागेवर आल्यावर मात्र हीच फेरी फार कामाची. रोजच्या ताटातून आणि चालण्यातून मिळून ३०० कॅलरींचा फरक पडला, तर किलोभर चरबी उतरायला पंचवीसेक दिवस लागतात. अर्ध्या किलोला त्याच्या निम्मे. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आत होण्यासारखं काम आहे.

वजन घरी रोज बघायला हरकत नाही, उलट बघाच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २७२ जणांवर ख्रिसमसच्या काळात एक चाचणी घेतली होती. त्यांतल्या एका गटाला नियमित वजन करून लिहून ठेवायला आणि कुठला पदार्थ किती चालल्याने फिटतो ते समजून घ्यायला सांगितलं, शिवाय वजन सांभाळायच्या काही साध्या सूचना दिल्या. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचं वजन सरासरी ०.४९ किलोने कमी राहिलं. मोजायची रीत एकच ठेवा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, काटा फरशीवर ठेवून. सतरंजीवर नको. आकडा कागदावर लिहा आणि त्या दिवशी त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण गाळू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. वजन दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढलं आणि पायांवर सूज, चालताना किंवा आडवं पडल्यावर दम असं काही असेल, तर ते फराळाचं वजन समजू नका. आमच्याकडे न येता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदय आणि मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांनी तर नक्कीच.

नोंदणीविषयी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून केंद्र सुरू असतं. येऊन नाव नोंदवा, आठ दिवसांची नोंदवही घेऊन जा. तिचे पैसे नाहीत, आणि आठ दिवसांनी तुमचं वजन आपोआप जागेवर आलं तर कार्यक्रमात भरती व्हायचा आग्रहही नाही. दरवर्षी असे काही जण निघतातच आणि आम्ही त्यांना आनंदाने घरी पाठवतो. ज्यांचं अर्धा-एक किलो मागे राहिलेलं असेल, किंवा ज्यांचं मागच्या काही दिवाळ्यांचंही साठलेलं असेल, त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे. घरात जे शिजतं त्यावरच तो बेतलेला असतो, वेगळी पावडर किंवा डबा आम्ही विकत नाही. महिलांनी पहिल्या भेटीत पाळीची तारीख सांगावी, म्हणजे चार आठवड्यांनी पाळीच्या त्याच दिवसांतल्या वजनाशी तुलना करता येते.

कार्तिकी एकादशीला काटा सकाळी सहाला मांडून ठेवतो. नोंदवही बरोबर आणा आणि साबुदाण्याची खिचडी खायच्या आधी या. एकादशी दुप्पट खाशी झाल्यावर आलात, तर त्या दिवशीची नोंद घेणार नाही, द्वादशीला परत बोलावू.