हृदय शस्त्रक्रियेनंतरची झोप आणि मनाचे सावरणे

छातीचे मधले हाड (उरोस्थी) उभे चिरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे बायपास, झडप बदलणे किंवा छिद्र बुजवणे यांनंतर, काही आठवडे झोप तुटक होते आणि मन हळवे, चिडके किंवा भेदरलेले राहते. हाड पोलादी तारांनी आवळलेले असते. ते जुळायला 6 ते 8 आठवडे, पूर्ण पक्के व्हायला सुमारे 12 आठवडे लागतात. झोपेची घडीही बहुतेकांची याच काळात बसते. रात्र बिघडली की दुसऱ्या दिवशी दुखणे जास्त जाणवते, चालणे टळते, मन खचते आणि पुढची रात्र आणखी वाईट जाते. ही साखळी झोपेच्या गोळीने क्वचितच तुटते. आधी झोपमोडीचे साधे कारण शोधावे लागते.

पहिले कारण अंथरुणाचे. कोल्हापूर भागात अनेक घरांत जमिनीवर गादी घालून झोपतात. तिच्यावरून उठताना एका हातावर भार येतो आणि हाडावर ताण पडतो. म्हणून खुर्चीच्या उंचीची कॉट लागते. पाठ 30 ते 45 अंश उंच राहील अशा उशा रचाव्यात. एकच जाड उशी मानेखाली घेतली तर मान अवघडते, पाठ मात्र सपाटच राहते. उठताना गुडघे दुमडावेत, उशी छातीशी कवटाळून अख्खे अंग एकदम कुशीवर वळवावे, पाय कॉटखाली सोडावेत आणि त्यांच्या भाराने बसते व्हावे. घरच्यांनी काखेत हात घालून ओढू नये. प्रेमापोटी हमखास होणारी चूक हीच. खोकतानाही तीच उशी छातीवर दाबून धरावी.

दुसरे कारण औषधांच्या वेळांचे. दुखण्याची गोळी झोपण्याच्या तासभर आधी घेतली तर पहिली झोप चांगली लागते. ‘सवय लागेल’ म्हणून पॅरासिटामॉल टाळून रात्रभर कण्हत बसण्यात शहाणपण नाही. लघवीच्या गोळीचा दुसरा डोस संध्याकाळी उशिरा पडला की रात्री चार-चारदा उठावे लागते. तो दुपारी चारपर्यंत आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नाडी आणि रक्तदाब आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी काहींना ठसठशीत, भीतीदायक स्वप्ने पडतात. अशा वेळी वेळ किंवा गोळी डॉक्टर बदलतात, ती मनाने बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो, दिवसा बसताना तो उंचावर ठेवावा.

रात्री तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आडवे झाले की छातीत जळजळते आणि ते दुखणे हृदयाचे वाटून अख्खे घर जागे होते. जेवण हलके, कमी मिठाचे आणि झोपण्याच्या तीन तास आधी असावे. चार वाजल्यानंतर चहा नको. दुपारची डुलकी अर्ध्या-पाऊण तासाची पुरे.

अतिदक्षता विभागातून बाहेर येताना, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, विशेषतः वयस्कर रुग्ण असंबद्ध बोलतो, नळ्या उपटू पाहतो, नसलेली माणसे पाहतो. याला भ्रमावस्था (डेलिरियम) म्हणतात. भूल, अपुरा प्राणवायू, जंतुसंसर्ग, क्षारांचा तोल जाणे, अखंड उजेड आणि यंत्रांचे आवाज ही तिची कारणे आहेत. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवरुषाकडून अंगारा आणण्याऐवजी परिचारिकेला लगेच सांगावे. चष्मा, कानाचे यंत्र, घड्याळ आणि ओळखीचा आवाज यांचा उपयोग होतो. बहुतेकांची ही अवस्था काही दिवसांत ओसरते.

घरी आल्यावरचे रडू वेगळे. तालमीत घुमलेला गडीही कुणी नुसते ‘बरं आहे का?’ विचारले तरी हुंदके देतो. पहिल्या काही आठवड्यांत हे नेहमीचेच. त्यावर ‘वाघासारखा माणूस तू, असं काय करतोस?’ ही समजूत उलटीच पडते, कारण माणूस मग लपून रडतो. शहाळी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना संध्याकाळची एकच वेळ द्यावी आणि कुणाचा बायपास कसा फसला याच्या कथा उंबऱ्याबाहेर ठेवाव्यात. काही औषधे चालू असताना शहाळ्यामुळे रक्तातले पोटॅशियम (एक क्षार) जास्त वाढू शकते, तेव्हा तेही विचारूनच.

चालणे हा यावरचा उत्तम उपाय. सुरुवातीला 5 ते 10 मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. रंकाळ्याकाठची सपाट वाट सोयीची, जोतिबाच्या पायऱ्या पुष्कळ नंतर. पावसाळ्यात घरातल्या सोप्यात येरझाऱ्या घालाव्यात.

उदासी रोज, दिवसभर आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण-गोळ्यांतले लक्ष उडाले, तर ते नैराश्य समजावे. बायपास झालेल्या साधारण पाचांतल्या एकाला ते गाठते आणि हृदयाचे सावरणेही लांबवते. समुपदेशन आणि सर्ट्रालिनसारखी औषधे उपयोगी पडतात. सर्ट्रालिन ॲस्पिरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून चालू गोळ्यांची यादी दाखवावी. अल्प्राझोलाम ही घबराटीवरची गुंगीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये, तिने तोल जातो, भ्रम वाढतो, सवय लागते. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर) मानसोपचार विभाग आहे. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

प्रत्येक जागरण मनाचे नसते. आडवे होताच दम लागणे, दोन-तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढणे, नाडी वेडीवाकडी धावणे, हाडात ‘कट्’ असा आवाज, जखमेतून पाणी किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाला कळवावे. दम वाढत असेल तर 108 ला फोन करावा.