कढई सोडा, होमोसिस्टीन बघा

‘ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलं की अल्झायमर होतो’ हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या फॅमिली ग्रुपवर उगवतोच. त्याचं मूळ १९६५च्या प्रयोगात आहे. सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत तंतूंचे गुंते दिसले होते. पण ते अल्झायमरमधल्या गुंत्यांपेक्षा वेगळे निघाले, आणि कढईमुळे हा आजार होतो असा पुरावा पुढेही मिळाला नाही. लोक कढया भंगारात देतात, पण रिपोर्टमधल्या बी-१२च्या आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

वय आणि आनुवंशिकता हे मोठे धोके. एपीओई जनुकाचा ई४ प्रकार एका पालकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडून आला तर फारच. त्याला इलाज नाही. म्हणून मला जास्त रस होमोसिस्टीनमध्ये, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या एका अमिनो आम्लात.

अन्नातल्या प्रथिनांमधून आलेल्या मेथिओनीन या अमिनो आम्लापासून पेशीत ‘सॅम’ नावाचा रेणू बनतो. एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा मेथिल गट जिथे हवा तिथे देणं हे त्याचं काम. गट दिला की उरतो तो ‘एसएएच’ नावाचा रेणू, आणि त्यापासून होमोसिस्टीन. त्याचं पुन्हा मेथिओनीन करायला फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) आणि बी-१२ लागतं. ते कमी पडलं की होमोसिस्टीन बेसिनसारखं तुंबतं, मागची पायरी उलटी फिरते आणि साठलेलं एसएएच मेथिल गट जोडणाऱ्या विकरांनाच (एन्झाइम्सना) अडवतं.

आता टाऊ. हे प्रथिन चेतापेशीतल्या सूक्ष्मनलिकांना आधार देतं. त्याच्यावर फॉस्फेट चढतात-उतरतात. उतरवण्याचं मुख्य काम पीपी२ए या विकराचं. त्याच्या शेपटाच्या ३०९व्या जागी असलेल्या ल्युसिन या अमिनो आम्लावर मेथिल गट बसला, तर टाऊला धरणारा त्याचा जोडीदार भाग नीट जुळतो. एसएएच साठल्यामुळे गट नाही बसला तर टाऊ फॉस्फेटने लगडतो, नलिका सोडतो आणि त्याचे गुंते होतात. १९०६ साली अलॉइस अल्झायमरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले गुंते टाऊचेच.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात (२००२) होमोसिस्टीन लिटरमागे १४ मायक्रोमोलच्या वर असलेल्यांना अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसला. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ पुरुषांचे आकडे मांडले: ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ची कमतरता ८१ टक्के!

मग बी-१२ची इंजेक्शनं घेतली की झालं? तसं नाही. ऑक्सफर्डच्या २०१०च्या चाचणीत बी जीवनसत्त्वांनी मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला, पण मोठ्या चाचण्यांत स्मरणशक्तीला फायदा दिसला नाही. तेव्हा ‘मेमरी’ सिरपवाल्यांना पैसे देऊ नका. मात्र शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल (त्याने बी-१२चं शोषण घटतं), तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून बी-१२ची चाचणी लिहून घ्या. नुसत्या कमतरतेमुळे आलेलं विस्मरण वेळीच सापडलं तर भरून येऊ शकतं, अल्झायमरचं येत नाही.