नीती आयोगाची इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रे आणि एनओसीची घाई

केंद्र सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या, दिल्लीतल्या नीती आयोगाच्या इंटर्नशिपसाठी प्रवेश परीक्षा नसते आणि अर्जाला शुल्क नसते. तरीही जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजांमधून अर्ज फारसे जात नाहीत, कारण अटी नीट वाचून सांगणारे कोणी भेटत नाही. अर्थशास्त्र, सांख्यिकी, राज्यशास्त्र, समाजकार्य, अगदी इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांनीही हे एकदा सावकाश वाचावे. धोरण कसे ठरते, आकडेवारी कुठून येते आणि तिचे पुढे काय होते, हे शिकत असतानाच जवळून पाहायला मिळते.

पात्रतेपासून सुरुवात करू, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. भारतातल्या किंवा परदेशातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात शिकणारा भारतीय विद्यार्थी अर्ज करू शकतो. पदवीला असाल, तर दुसरे वर्ष म्हणजे चौथे सत्र पूर्ण झालेले हवे किंवा त्याची परीक्षा दिलेली हवी, आणि बारावीला किमान ८५ टक्के हवेत. ६०० गुणांच्या परीक्षेत हे ५१० होतात. हा आकडा ऐकून अनेक जण तिथेच नाद सोडतात. पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बारावीचे गुण विचारत नाहीत. एम. ए., एम. एस्सी., एम. कॉम. अशा अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष झालेले किंवा त्याची परीक्षा दिलेली हवी, आणि पदवीला किमान ७० टक्के हवेत. पीएच. डी. करणाऱ्यांनाही पदवीची हीच अट आहे. म्हणजे बारावीला ६८ टक्क्यांवर अडकलेल्या मुलाने पदवीला मन लावून अभ्यास केला, तर तीन-चार वर्षांनी त्याच्यासाठी दार उघडे असते. हे मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून सांगतो.

तिसरा गट अंतिम परीक्षा दिलेल्या आणि पुढच्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्यांचा. त्यांना आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांत ७० टक्के किंवा जास्त हवेत, आणि निकालाचा महिना व इंटर्नशिपचा महिना यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. गुणपत्रकावर सीजीपीए असेल, तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारी काढा आणि परीक्षा विभागाकडून तसा दाखला घेऊन ठेवा. मनाने दहाने गुणू नका. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते, आणि मूळ गुणपत्रक तपासताना तफावत निघाली तर नामुष्की आपलीच.

अर्ज नीती आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरायचा. ही खिडकी दर महिन्याच्या १ ते १० तारखेपर्यंत उघडी असते. एका आर्थिक वर्षात एकदाच अर्ज करता येतो, म्हणून 'भरून तर बघू' असे करू नका. ज्या महिन्यात काम सुरू करायचे, त्याच्या दोन-तीन महिने आधीची खिडकी धरा. मे महिन्यात जायचे असेल, तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेलेला बरा. दहा तारखेच्या रात्री सायबर कॅफेत बसून फॉर्म भरणारी मुले मी पाहिली आहेत. ईमेल चुकीचा टाकला जातो आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार ईमेलवरच असतो.

आता एनओसी, म्हणजे कॉलेजचे ना हरकत प्रमाणपत्र. रुजू होताना हे आणि मूळ गुणपत्रके दाखवावीच लागतात, त्याशिवाय रुजू करून घेत नाहीत. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, एनओसीला मात्र काही ठिकाणी पंधरा दिवस लागतात. एका मुलीची निवड झाली होती, पण तिच्या कॉलेजातून मिळालेल्या पत्रावर फक्त 'विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात शिकत आहे' एवढेच लिहिले होते. ते बोनाफाईड झाले, एनओसी नव्हे. प्राचार्य दौऱ्यावर, कार्यालयात परीक्षेची धांदल, आणि तिचे दिल्लीचे तिकीट परवाचे. शेवटी विभागप्रमुखांनी धावपळ करून दुसरे पत्र मिळवून दिले, पण ती रडकुंडीला आली होती.

म्हणून पत्राचा मसुदा स्वतःच टाइप करून न्या. कॉलेजच्या लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख, तुमचे पूर्ण नाव गुणपत्रकावर आहे तसेच, वर्ग आणि सत्र, इंटर्नशिपचा कालावधी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या काळात ही इंटर्नशिप करायला संस्थेची हरकत नाही असे स्पष्ट वाक्य. खाली प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का. पत्र दिल्लीत वाचले जाणार आहे, तेव्हा ते इंग्रजीत असू द्या. जावक क्रमांक राहून गेला की कार्यालयातला क्लार्क 'उद्या या' म्हणतो. सही झाल्या झाल्या तो टाकून घ्या.

अर्जात कामाचे क्षेत्र निवडायचे असते. शेती, आरोग्य व पोषण, शिक्षण, ऊर्जा, जलस्रोत, ग्रामविकास, कौशल्य व रोजगार, आकडेवारीचे विश्लेषण अशी बरीच क्षेत्रे आहेत. बहुतेक जण डोळे मिटून 'अर्थशास्त्र' निवडतात. माझे मत वेगळे आहे. तुमच्या पायाखालची जमीन ज्या विषयाची आहे, तो घ्या. विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे चार जिल्हे आहेत. त्या जिल्ह्यातल्या मुलाने अंगणवाडीतले वजनकाट्यावरचे बाळ पाहिलेले असते, टँकरच्या फेऱ्या मोजलेल्या असतात. पोषणाच्या किंवा पाण्याच्या तक्त्यातला आकडा चुकीचा वाटला, तर तो त्याला लगेच खटकतो. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे पंचवार्षिक योजना आखणाऱ्या योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्यांनीही पुण्यात पाहणी करून, माणसांना विचारून आकडे गोळा केले होते. त्याच योजना आयोगाच्या जागी १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग आला.

पैशांचे आधीच सांगतो, म्हणजे घरी बोलता येईल. ही इंटर्नशिप बिनपगारी आहे. राहणे, जेवण, प्रवास सगळे स्वतःचे, आणि लॅपटॉपही स्वतःचाच न्यायचा. बसायला जागा आणि इंटरनेट तेवढे मिळते. कालावधी किमान सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. घरची परिस्थिती बेताची असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीतले सहा आठवडेच मागा आणि राहण्याची सोय अर्ज करण्यापूर्वी बघा. गुणवत्ता असून केवळ दिल्लीच्या खोलीभाड्यामुळे मागे राहणारी मुले पाहिली की जीव तुटतो. अशा मुलांसाठी माजी विद्यार्थी संघांनी पुढे यायला हवे.

ज्यांना विद्यावेतनाशिवाय शक्यच नाही, त्यांनी रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप बघावी. ती पदव्युत्तर आणि पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या शेवटून दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच कायद्याच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी असते. महिना २०,००० रुपये, एप्रिलपासून जास्तीत जास्त तीन महिने. अर्ज मात्र आदल्या वर्षीच, १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात करावा लागतो आणि मुलाखतही असते. दिवाळीच्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते. शिक्षण संपवून वर्षभर काम केलेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. ती अर्थ व सांख्यिकी संचालनालय राबवते. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के आणि मराठी यायला हवी. जाहिरात निघेल तेव्हा त्या वर्षीच्या अटी पुन्हा वाचा.

निवडीचा ईमेल आला की रुजू होण्याची तारीख तुमच्या परीक्षेच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. विद्यापीठाची परीक्षा पुढे ढकलली जाते आणि पाचव्या आठवड्यात परत यावे लागते, असे होऊ शकते. ठरलेला कालावधी पूर्ण केला नाही तर प्रमाणपत्र मिळत नाही. शेवटी केलेल्या कामाचा अहवाल द्यावा लागतो. तो नंतर कॉलेजात किंवा परिसंवादात मांडायचा असेल, तर आयोगाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती दिल्लीत असतानाच, ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांच्याकडे लेखी मागा.