‘काठीचं चुकीचं टोक’: गैरसमजाचा अर्थ आला कुठून?

एकानं सांगायचं एक आणि दुसऱ्यानं भलतंच धरून बसायचं, असं झालं की ब्रिटिश माणूस ‘राँग एंड ऑफ द स्टिक’ म्हणतो. शाळेत आपण शिकलो तोच हा अर्थ, पण तो मूळचा नाही.

१५४२ साली छापलेल्या एका इंग्रजी अनुवादात वादात पडती बाजू असलेल्यांच्या हाती दांड्याचं ‘वाईट टोक’ आल्याचा उल्लेख आहे. तिथे ‘स्टिक’ नाही, ‘स्टाफ’ आहे, आणि गैरसमजाचा तर मागमूसही नाही. सरशी दुसऱ्याची, नुकसान आपलं, एवढाच अर्थ. समजुतीतल्या चुकीसाठी हा वाक्प्रचार रुळला तो पुढे १९व्या शतकात.

इंटरनेटवर मात्र रोमन शौचालयाचीच गोष्ट फिरते. रोमन लोक स्वच्छतेसाठी काठीला बांधलेला स्पंज वापरत, अंधारात एखाद्याच्या हाती नको ते टोक येई, आणि त्यावरून म्हण पडली, असं ठासून सांगितलं जातं. यातली काठी खरी आहे. पहिल्या शतकातल्या एका रोमन तत्त्वज्ञानं पत्रात लिहिलंय की, श्वापदांशी झुंजायला आणलेल्या एका जर्मन कैद्यानं, पहाऱ्याशिवाय जाता येई अशा एकमेव ठिकाणी म्हणजे शौचालयात जाऊन, तीच काठी घशात कोंबून जीव दिला. ती अंग पुसायला होती की भांडं घासायला, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

पण काठी खरी म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. रोमन काठी आणि १५४२चा दांडा यांच्यामधल्या सुमारे दीड हजार वर्षांना जोडणारा लेखी दुवा कुणीही दाखवलेला नाही. शिवाय जुन्या इंग्रजी रूपात घाणीचा उल्लेखच नाही. घाणेरड्या टोकाचा शिवराळ अवतार १९व्या शतकातल्या बोलभाषेतला. तो आधी कानावर पडला आणि मग त्याला साजेशी रोमन कथा चिकटली, असं मला वाटतं. एवढ्या तुटपुंज्या आधारावर ती कथा इतिहास म्हणून मुलांना सांगणं चूकच.

नुकसानीचा जुना अर्थ संपलेला नाही. अमेरिकेत ‘शॉर्ट एंड ऑफ द स्टिक’ म्हणतात ते आजही गैरसमजाबद्दल नव्हे, तर वाटणीत किंवा सौद्यात झालेल्या अन्यायाबद्दल.