जुना बंगला मठाला देताना: घरमालक आणि विश्वस्त मंडळींसाठी माहिती

आम्ही जुन्या घरांची दुरुस्ती करतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आमच्याकडे एक विचारणा नेहमी येते. आजोबांच्या काळातला बंगला मठाला किंवा आश्रमाला द्यायचा ठरलाय, तर पाडून नवं बांधावं की आहे ते सावरावं? भिंती धड असतील तर पाडू नका, असं आम्ही ठामपणे सांगतो. आणि निर्णयाआधी बेळगावच्या किल्ल्यातल्या रामकृष्ण मिशनच्या आश्रमात एकदा जाऊन या म्हणतो.

ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावात आले. आधी वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे उतरले, मग किल्ल्यात वनअधिकारी हरिपद मित्र यांच्या बंगल्यावर राहिले. हरिपदबाबू आणि त्यांच्या पत्नी इंदुमती यांनी विवेकानंदांकडूनच दीक्षा घेतली. तो बंगला पुढे मिशनकडे आला. मिशनने घराचं घरपण ठेवून त्याचं स्मारक केलं आणि मोठ्या प्रार्थनेसाठी मंदिर वेगळं बांधलं. गर्दीचा भार जुन्या भिंतींवर टाकला नाही. आमच्या मते सगळं शहाणपण इथं आहे.

त्या काळच्या साहेबी बंगल्याची मांडणी मठाला मुळातच सोयीची असते. उंच जोतं, पुढं व्हरांडा, मधे हॉल, दोन्ही अंगाला खोल्या. व्हरांड्यात येणारे-जाणारे बसतात, हॉलमध्ये रोजची आरती होते, आतल्या खोल्यांत स्वामीजींना निवांतपणा मिळतो. बिघडतं कुठं? हॉल मोठा करायला मधली भिंत काढतात आणि छपराचा भार घेणारंच कोणी उरत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं मागच्या अंगणात वेगळ्या छपराखाली घ्या. जुन्या भिंतीत पाण्याचे पाइप पुरू नका.

आता चुन्याबद्दल. आपल्याकडचा जांभा दगड पाणी पितो. पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते आणि उन्हाळ्यात भिंतीतून बाहेर पडते. चुन्याचा गिलावा तिला वाट देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, लोणा लागतो (भिंतीवर क्षार फुलतात), दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि मालक पुन्हा सिमेंटच लावतो. गिलाव्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहा. बद्द, पोकळ आवाज आला तर तो भिंतीपासून सुटलाय. आम्ही चुनकळी (भाजलेला कोरडा चुना) खड्ड्यात विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरू देतो, मग वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आम्ही सोडलेली नाही. लावल्यावर ओलं गोणपाट टाकून सावकाश वाळवावं लागतं. म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून वळिवाच्या आधी संपवतो. घाईचं काम आम्ही घेत नाही.

छपरावर मंगळुरी कौलं असतील तर एकही फेकू नका. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि त्या काळच्या कौलांवर कारखान्याचा ठसा आजही वाचता येतो. गळतीला बहुतेक वेळा कौल कारण नसतं. खालची रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) कुजून खचलेली असते. रिपा बदलून तीच कौलं परत चढवता येतात. कौलं काढून स्लॅब टाकायचा मोह मात्र आवरा. तेवढं वजन पेलायला त्या भिंती बांधलेल्याच नव्हत्या.

परवानगीचंही बघून ठेवा. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिरासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. या हद्दीत दुरुस्तीलाही आधी मंजुरी घ्यावी लागते.

पाहणीला शक्यतो आषाढात बोलवा. धो धो पाऊस चालू असताना माळ्यावर चढलं की कुठली कैची (छपराचा तिकोनी सांगाडा) भिजते, पन्हळ कुठं तुंबते ते डोळ्यांना दिसतं. एक शिडी, मिळतील तेवढे जुने फोटो आणि उतारा तयार ठेवा. अंदाजपत्रक पाहणीनंतरच देतो.